पांढऱ्या मोज्यांचे एकवीस दिवस

माझ्या नणंदेनं रफू केलेली जागा आजवर कुणाला सापडलेली नाही. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. नणंदेचं कौतुक करायला कुणी भावजय जन्माला आलेली नाही. पण खरं ते खरं. कोटाला सिगारेटनं भोक पडलेलं असो की शालीला कसर लागलेली असो, ताई कपडा मांडीवर घेतात, डोळ्याला भिंग लावतात, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार धागे उपसतात आणि उभे-आडवे विणत ते भोक बुजवून टाकतात. कपडा परत देताना दोनच शब्द बोलतात, "शोधून दाखवा." गिऱ्हाईक कपडा खिडकीपाशी नेतं, उलटासुलटा करतं आणि हसत घरी जातं. सत्तावीस वर्षांत एकानंही शोधून दाखवलेलं नाही.

त्यांचे धंद्याचे नियम दोन. पहिला म्हणजे, भोक दिसतं तेवढं कधीच नसतं. त्याच्या भोवतीचं कापडही विरलेलं असतं, म्हणून सुई भोकाच्या काठावर घालायची नाही, बोटभर लांब, धड कापडात घालायची. दुसरा, भोक कसं पडलं हे विचारायचं नाही. एकदा एक गृहस्थ पाठीवर पाच समांतर चिरे पडलेला शर्ट घेऊन आले होते. ते गेल्यावर मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आले.

"विचारलं नाहीत, कशानं फाटला?"

"फाटला होता," ताई म्हणाल्या. "शिवते आता."

मी त्या जागी असते तर शर्टाचा आणि गृहस्थांचा सगळा इतिहास बाहेर काढला असता. माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि राग तर कायम नाकावर. मी शाळेच्या गणवेशाच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर आयांशी मापांवरून हुज्जत घालून घरी येते ती चढ्या आवाजातच.

घर म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्या. मी, माझे यजमान आणि त्यांच्या या थोरल्या बहीण. पुढच्या खोलीला मोठी खिडकी आहे, तिथे ताईंचं काम चालतं. खिडकीखाली त्यांची बुटकी बैठक आणि शेजारी लाकडी पेटारा. पेटाऱ्यात सत्तावीस वर्षांचे धागे आणि कापडाचे तुकडे आहेत. आता कुठेच मिळणार नाही अशी लोकर, बंद पडलेल्या गिरण्यांचं सुटाचं कापड, राखाडी रंगाच्याच साठेक छटा. कपड्याच्या शिवणीत उपसण्याजोगा धागा उरला नसला की ताई पेटारा उघडतात आणि नेमका जोडीचा धागा काढतात. पेटारा नेहमी अर्धवट उघडा असतो, कारण त्यात ठिगळ झोपतं.

ठिगळ म्हणजे मांजर. पांढरंशुभ्र, पाठीवर चौकोनी काळा डाग. रफूवालीच्या घरात ठिगळ हा शब्दसुद्धा शिवीसारखा. "ठिगळ लावलं म्हणजे हात टेकले," असं ताई म्हणतात. आणि नेमकं याच मांजराचं नाव त्यांनी कौतुकानं ठिगळ ठेवलं. त्या अविवाहित, फारशा बोलक्या नाहीत. माझ्याशी दिवसाला वीस वाक्यं बोलत असतील, तर ठिगळाशी दोनशे. मला मांजर आवडत नव्हतं. नव्हतं, असं म्हणते आहे, लक्षात ठेवा.

तर एका सकाळी मास्तर आले. मास्तर म्हणजे बाजारपेठेतल्या मोठ्या शिंपीदुकानाचे मालक. ताईंचं रुपयात बारा आणे काम त्यांच्याकडून येतं. तयार कपडे मीच कामावर जाताना त्यांच्या दुकानात पोचवते. कापायच्या टेबलाखाली त्यांचा म्हातारा कुत्रा पसरलेला असतो, त्याला ओलांडून आत जावं लागतं. ते स्वतः कधी आमचा जिना चढत नाहीत. त्या दिवशी चढले, आणि त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला काळा कोट होता.

"काल गिऱ्हाईकानं हा अंगात घातला आणि आरशासमोर नाचायला लागला," ते म्हणाले. "कॉलरमधून पिसू निघाली. एक नाही, दोन. भर दुकानात. वीस वर्षांचं गिऱ्हाईक गेलं माझं."

ताईंनी कोट हातात घेतला.

मास्तरांनी पेटाऱ्याकडे पाहिलं. ठिगळ मागच्या पायानं मान खाजवत होतं. टकटकटक, पेटाऱ्याच्या लाकडावर पाय आपटत होता.

"हे बघा ताई, तुमच्या हाताला तोड नाही, हे मी चारचौघांत सांगतो. पण एक तर हे मांजर कुठेतरी देऊन टाका, नाहीतर माझे कोट विसरा. तीन आठवडे देतो. तोवर एक चिंधीसुद्धा पाठवणार नाही. एकविसाव्या दिवशी स्वतः येऊन बघेन."

ते गेले. ताईंनी कोट खिडकीत धरला, भिंग लावलं आणि कितीतरी वेळ अस्तर बघत राहिल्या. मग चिमट्यानं काहीतरी उचललं आणि सुयांच्या छोट्या डबीत टाकलं. मला वाटलं पिसूच असेल.

"द्या हाकलून त्या ठिगळाला," मी म्हणाले. "मांजरापायी पोटावर पाय पाडून घ्यायचा का?"

"अकरा वर्षांचं आहे ते," ताई म्हणाल्या. "कुठे जाईल या वयात?"

"पण ते घराबाहेर पाऊल टाकत नाही. मग पिसवा आल्या कुठून?"

"कुठून आल्या ते विचारलं तर जातील का? तू जनावरांच्या डॉक्टरकडे चल माझ्याबरोबर. मला एकटीला ते पिंजऱ्यात घालता येणार नाही."

आणि खरं सांगायचं तर मला त्यांचे हात दिसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. माझा राग कुठल्या कुठे पळाला. पदर खोचला आणि ठिगळाला धरायला गेले. या हातावरचा हा ओरखडा तेव्हाचाच.

डॉक्टर होती एक चष्मेवाली तरुण मुलगी, अंगापिंडानं बारीक, पण बोलणं असं ठाम की मी गपगार. तिनं बारीक दातांची फणी ठिगळाच्या पाठीवरून फिरवली आणि फणी ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली. काळी खसखस पडावी तसे कण पडले, आणि बघता बघता त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरले.

"ही पिसवांची विष्ठा. रक्त पिऊन टाकलेली," ती म्हणाली. "मांजराच्या अंगावर दिसतात त्या शंभरातल्या पाचच समजा. बाकी पंचाण्णव घरात आहेत. अंडी, अळ्या, कोश. गादीत, फटीत, कपड्यात."

ताईंनी एकदम माझ्याकडे पाहिलं. "भोक दिसतं तेवढंच नसतं," त्या हळूच म्हणाल्या.

डॉक्टरनं तसलीच एक फणी आणि मानेवर सोडायचं थेंबाचं औषध दिलं. मानेच्या मागे, जिथे मांजराची जीभ पोचत नाही, तिथे केस बाजूला करून कातडीवर थेट सोडायचं. मी विचारलं की आमच्या शेजारणीकडे तिच्या कुत्र्याचं असंच औषध पडून आहे, ते चालेल का. त्या मुलीनं चष्मा काढला.

"अजिबात नाही. कुत्र्यांच्या काही औषधांनी मांजर तडफडून मरतं. कापूर नको, रॉकेल नको, कुणी सांगितलेलं तेल नको. हेच औषध, वजनाप्रमाणे, महिन्यातून एकदा. रोज फणी, आणि फणीतल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. नखानं चिरडत बसू नका, हातावर तुरी देऊन जातील. अंथरुणं कढत पाण्यात. जमीन, फटी, गाद्या रोज व्हॅक्यूम क्लीनरनं ओढायच्या आणि त्यातला कचरा लगेच पिशवी बांधून घराबाहेर. आणि धीर धरा. कोशातली पिसू औषधाला दाद देत नाही. ती बाहेर येईपर्यंत वाट बघावी लागते."

"आणि गेल्या हे कळणार कसं?" ताईंनी विचारलं.

"गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घाला आणि घरभर सावकाश चाला. पिसवांना वाटतं जेवण आलं, उड्या मारून चिकटतात. पांढऱ्यावर काळ्या दिसतात. मोजा."

पांढरे मोजे, गुडघ्यापर्यंत. अहो, मी दिवसातून पन्नास जोड विकते. त्या संध्याकाळी दुकानातून बारा जोड उचलून आणले, सगळ्यांत मोठ्या मापाचे. यजमानांनाही दिले. ते बिचारे चालू-बंद होणाऱ्या कुठल्याही यंत्राला घाबरतात, पण व्हॅक्यूम क्लीनर त्यांच्याच गळ्यात मारला.

आणि मग तो पहिला फेरा. तीन प्रौढ माणसं, शाळकरी मोजे घालून, एकामागून एक, स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत. मी पुढे, मध्ये यजमान, मागे ताई. पुढच्या खोलीत चार पावलं टाकली नाहीत तोच माझ्या उजव्या पोटरीवर एक ठिपका. मग दुसरा. मग टप, टप, टप. मी आयुष्यात इतकी थरारले नव्हते. "आल्या, आल्या," मी ओरडत होते, ताई वाकून भिंगानं मोजत होत्या, यजमान एका पायावर उभे. सगळ्यांचे मिळून त्रेचाळीस. मोजे तसेच साबणाच्या बादलीत बुडवले, आणि मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवसाच्या चौकोनात लाल पेन्सिलीनं लिहिलं, ४३.

औषध घालायचं तर मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हाच प्रश्न होता. ती ताईंनीच बांधली. रफू करताना बसतात तशा बसल्या, ठिगळ मांडीवर, डोळ्याला भिंग. केसांचा भांग पाडला, कातडी दिसली, चार थेंब. ठिगळाला पत्ताही लागला नाही. मला त्या दिवशी कळलं की या बाईचा हात देवानं वेगळ्या मातीचा केला आहे.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला युद्धच म्हणायला हवं. ताईंनी खडूनं सगळ्या जमिनीवर चौकोन आखले. मोठा कपडा रफूला आला की त्या असेच चौकोन आखतात, म्हणजे एकही विरलेला धागा नजरेतून सुटत नाही. रोज सकाळी सहा चौकोन यजमानांचे, सहा माझे. पलंग हलवले, कपाटं भिंतीपासून ओढली, दहा वर्षांत हरवलेल्या सतरा वस्तू सापडल्या. उशा, चादरी, गोधड्या, पडदे, सगळं कढत पाण्यात. यजमानांचा एक आवडता शर्ट गुलाबी झाला, त्याचं दुःख त्यांनी पोटात घातलं. आणि संध्याकाळी दिवेलागणीला मोज्यांची मिरवणूक.

सदतीस. बावीस. चौदा. नऊ. मी दुकानात उभी असायचे, पण जीव दिनदर्शिकेत अडकलेला. आयांशी हुज्जत घालणंही विसरले. एक आई म्हणाली, "बाई, आज तुमची तब्येत बरी नाही का?" मला सांगायचं होतं की काल नऊ होत्या, आज पाचच्या आत येणार. सहकाऱ्यांना मी पिसवांचे आकडे क्रिकेटच्या धावांसारखे सांगायचे. सगळ्या हसायच्या, पण दुसऱ्या दिवशी आधी आकडा विचारायच्या.

नवव्या दिवशी शून्य. दहाव्या दिवशी शून्य. अकरा, बारा, शून्य, शून्य. मी चार शून्यांना पेन्सिलीनं डोळे-तोंडं काढली. ठिगळाची खाजही थांबली होती. यजमानांनी व्हॅक्यूम क्लीनर पुसून खोक्यात घातला. ताईंनी सुया ओळीनं लावून ठेवल्या.

तेराव्या दिवशी मी नुसती हौस म्हणून मोजे चढवले आणि पुढच्या खोलीत गेले. खिडकीपाशी पोचले आणि दोन्ही पाय काळे झाले.

एकतीस. मी तीनदा मोजल्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, आमच्याकडे तेरावा दिवस आला. मी तिथेच खाली बसून रडले, लाज न बाळगता. मग नेहमीप्रमाणे रडण्याचा राग झाला.

"संपलं," मी म्हणाले. "आठ दिवस उरलेत. मांजराला माझ्या मावसबहिणीकडे पाठवा. तिचं मोठं अंगण आहे."

ताईंनी ठिगळाला उचलून छातीशी धरलं. चेहरा पांढराफटक. "पाठवते," त्या म्हणाल्या. "उद्या पाठवते."

हे ऐकल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी डॉक्टरला फोन लावला आणि तिच्यावर खेकसले की तुमच्या औषधाचा काही उपयोग नाही.

"उपयोग झालाय," ती शांतपणे म्हणाली. "या कोशातून नव्यानं निघालेल्या. मी म्हटलं नव्हतं का, धीर धरा म्हणून? थांबलात का मध्येच?"

मी खोक्यातल्या व्हॅक्यूम क्लीनरकडे पाहिलं.

"कुठे जास्त मिळाल्या?"

"पुढच्या खोलीत. खिडकीपाशी."

"तिथे असं काय आहे जे तुम्ही धुतलेलं नाही?"

मी फोन कानाला धरूनच वळले. खिडकीपाशी पेटारा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तेरा दिवस आम्ही घराचा इंच अन् इंच ओढून काढला होता, आणि ज्यात मांजर अकरा वर्षं झोपलं तो पेटारा तसाच. खडूचे चौकोन पेटाऱ्यापाशी येऊन थांबत होते. पेटाऱ्याच्या भोवतीनं ताईंनी सुरेख वळसा घालून रेघ काढली होती.

"ताई, पेटारा," मी म्हणाले.

"त्याला हात लावायचा नाही." असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "त्यात लोकर आहे. कढत पाण्यात घातली की आटते, रंग सोडते. साठ राखाड्यांची एकच राखाडी होईल. मग मी काय करू? मांजर ठेवून धागेच गेले तर मास्तरांचे कोट कशानं शिवू?"

बरोबर होतं त्यांचं. म्हणूनच चूक होतं. आणि मी, जिला वेळेवर कधी काही सुचत नाही, तिला त्यांचंच वाक्य सुचलं.

"तुम्हीच म्हणता ना, सुई भोकाच्या काठावर घालायची नाही? धड वाटतं त्या कापडापासून सुरुवात करायची?"

ताईंनी पेटाऱ्याचं झाकण लावलं. मग ठिगळाला माझ्या मांडीवर ठेवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ते जड होतं, गरम होतं आणि मोटार लावल्यासारखं गुरगुरत होतं.

"विचार तिला," ताई म्हणाल्या. "पाण्याशिवाय काही उपाय आहे का."

डॉक्टर अजून फोनवरच होती. म्हणाली, "पाणी नको तर थंडी. पिशव्यांत घट्ट बांधा आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवा. आठवडाभर. अंडीसुद्धा वाचत नाहीत. घरच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा पुरणार नाही मात्र."

एवढा मोठा डीप फ्रीझर कुणाकडे? यजमान इतके दिवस काही बोलले नव्हते, ते एकदम म्हणाले, "कोपऱ्यावरचा आइस्क्रीमवाला. त्याचा एक फ्रीझर थंडीच्या दिवसांत रिकामाच असतो."

ताईंनी त्याच्या एकुलत्या एक चांगल्या कोटाची कोपराची जागा पूर्वी रफू केली होती. आम्ही तिघं दुकानात गेलो तेव्हा तो म्हणाला, "ताई, ती जागा मी अजून शोधतोय. फ्रीझर तुमचाच समजा. फक्त पिशव्या दुहेरी बांधा, माझं गिऱ्हाईक नाचायला नको." बातमी त्याच्यापर्यंतही पोचली होती तर.

पेटारा रिकामा करताना ताईंनी धाग्याची एकेक गुंडी हातात घेतली, रंगाप्रमाणे लावली, पिशवीत घातली, चिठ्ठी चिकटवली. चौतीस पिशव्या झाल्या. आम्ही त्या हातगाडीवर रचून रस्त्यानं निघालो, यजमान ढकलत, मी रस्ता मोकळा करत, ताई दोन्ही हात पिशव्यांवर ठेवून चालत. लोक विचारत होते, घर बदलताय का? मी सांगत होते, नाही, पिसवांना थंड हवेच्या ठिकाणी पाठवतोय.

रिकामा पेटारा आम्ही फटीफटीतून ओढला, कढत पाण्यानं घासला, गच्चीवर उन्हात उलटा टाकला. खोक्यातून व्हॅक्यूम क्लीनर परत बाहेर आला. आता डोळ्यात तेल घालून मोजत होतो. एकोणीस. बारा. सहा. तीन. दोन. एकोणिसाव्या दिवशी एक. फक्त एक, पण एक. ती एक पिसू बादलीत बुडवताना मी तिला म्हणाले, तुझ्या मागे कुणी असेल तर आताच सांग.

विसाव्या दिवशी सकाळी पिशव्या घरी आल्या, गारेगार, बाहेरून दव धरलेल्या. त्या सुकायला ठेवून ताई पेटारा लावत होत्या, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मास्तर. एक दिवस आधी.

"उद्या बाहेरगावी जायचंय," ते म्हणाले. मग पेटाऱ्याकडे पाहिलं. ठिगळ झाकणावर बसलं होतं. "म्हणजे मांजर आहेच अजून."

माझी पाचावर धारण बसली. त्या दिवसाचा फेरा झालाच नव्हता. आदल्या दिवशी एक होती, म्हणजे आज शून्य की दहा हे कुणालाच माहीत नव्हतं. मी मास्तरांना चहा विचारून वेळ काढणार होते. पण ताई उठल्या, कपाटातून कोरे पांढरे मोजे काढले आणि मास्तरांपुढे धरले.

"बूट काढा, हे घाला आणि घरभर फिरा," त्या म्हणाल्या. "शोधून दाखवा."

मास्तरांना हसावं की चिडावं कळेना. पण त्यांनी मोजे घातले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. आधी स्वयंपाकघर. मग आमची झोपायची खोली. पलंगाखाली पाय घालून पाहिले. मी त्यांच्या मागे वाकून चालत होते, नजर पोटऱ्यांवर. मग पुढची खोली. खिडकीपाशी ते मुद्दाम उभे राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. ठिगळ झाकणावरून उतरलं आणि त्यांच्या पायाला अंग घासू लागलं. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा मास्तर वाकून स्वतःचे मोजे बघत होते. पांढरे. दुधासारखे पांढरे.

"नाही सापडत," ते म्हणाले.

"सापडत नाहीच," ताई म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

मी काय केलं? मी ठिगळाला उचललं आणि त्याच्या दोन कानांच्या मध्ये मुका घेतला. यजमानांनी पाहिलं. पाहू देत.

"परत आल्यावर पहिले कोट पाठवतो," मास्तर म्हणाले. मोज्यांवरच बूट चढवले आणि घाईनं गेले. बाहेरगावी जायच्या आधी दुकानात डोकवायचं होतं त्यांना.

चार दिवसांनी ते परत जिना चढून आले. हातात कोट नव्हते. वर्तमानपत्राची पुरचुंडी होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि उघडली. आत तेच पांढरे मोजे होते. दोन्हींवर मिळून अकरा काळे ठिपके, चिरडलेले.

"त्या दिवशी इथून निघालो तो थेट दुकानात गेलो," ते खाली बघत म्हणाले. "बूट काढून गादीवर बसलो. मोजे काढायचे राहिले होते."

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. टेबलाखालचा कुत्रा. त्याला ओलांडून मी कोट पोचवत होते, आणि त्याच टेबलावरून कोट आमच्याकडे येत होते. तीन आठवडे कोट आले नाहीत आणि आमच्या पिसवा संपल्या. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. मी तोंड उघडलं. जे शब्द बाहेर पडणार होते ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

ताईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. जोरात.

मग त्या उठल्या. फणी आणली, धुऊन पुसलेली. डॉक्टरचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहिला.

"फणी मला परत हवी," त्या म्हणाल्या. "औषध डॉक्टरकडून कुत्र्याचंच घ्या, मांजराचं नेऊ नका. जमिनीवर खडूनं चौकोन आखा. लोकरीचं कापड कढत पाण्यात घालू नका, आइस्क्रीमवाल्याकडे फ्रीझर आहे, माझं नाव सांगा. मध्ये चार दिवस शून्य येईल, तेव्हा थांबू नका. तीन आठवडे लागतात."

मास्तरांनी फणी हातात घेतली. अंगठ्यानं तिचे दात चाचपले.

"गिऱ्हाइकं म्हणतील, कुत्र्याला कुठेतरी सोडून या."

"सोडू नका," ताई म्हणाल्या. "म्हातारा आहे तो. कुठे जाईल?"

मास्तरांनी मान वर केली. "ताई, तुम्हाला माहीत होतं का?"

"मास्तर, इतक्या वर्षांत तुमच्या एका तरी कोटाचं भोक कसं पडलं हे मी विचारलंय का?"

त्यांनी फणी खिशात घातली. जिना उतरताना कठड्याला धरून उतरले, हे मी वरून पाहिलं.

ते गेल्यावर मी ठिगळाला काखेत घेऊन सुयांची डबी उघडली. सुयांच्या शेजारी एक आखूड, राठ, तपकिरी केस होता. ठिगळाच्या अंगावर पांढरा आणि काळा सोडून तिसरा रंग नाही.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं तुम्हाला," मी म्हणाले. "तेव्हाच तोंडावर मारायचा ना हा केस. तीन आठवडे आपण मेलो की नाही? ठिगळाला उद्या पाठवते म्हणालात तुम्ही."

"तेव्हा मारला असता तर त्यांचं तोंड बंद झालं असतं," ताई म्हणाल्या. "पिसवा आपल्याकडे होत्याच की."

त्यांनी डबी माझ्या हातातून घेतली, तो केस खिडकीतून बाहेर फुंकला आणि सुया परत ओळीनं लावल्या. मला त्या क्षणी या बाईचा इतका अभिमान वाटला की डोळ्यात पाणी आलं. तसं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, मांजर खाली ठेव, साडीला केस लागतायत."

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी मास्तरांच्या दुकानात पांढऱ्या मोज्यांचे सहा जोड देऊन आले, सगळ्यांत मोठ्या मापाचे. कुत्रा टेबलाखालीच होता. मी त्याला ओलांडलं नाही, वळसा घालून गेले.